आतल्या बाजूची कडी

कौसावैनी गेल्याची बातमी मला कोणी आणून दिली नाही. तार आली नाही, गावाहून माणूस आला नाही. मी तिच्यापासून दहा-बारा हातांवर बसले होते, चहाची बशी हातात धरून, आणि वैनीच्या लेकीला, मंदाला, पाहायला आलेल्या पाहुण्यांशी गोड गोड बोलत होते. मधे एक भिंत होती आणि त्या भिंतीत एक दार. दाराच्या पलीकडे कापसाची खोली, आणि खोलीत माझी भावजय. त्या दारामागून तीन शिंका आल्या… दाबलेल्या, तोंडावर पदर गच्च धरून दिलेल्या. पाहुण्यांना त्या ऐकू गेल्या नाहीत, ते दादाच्या नव्या बैलजोडीबद्दल बोलत होते. मला ऐकू आल्या. मी मोजल्या. चौथी आली नाही तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं बाई, थांबल्या एकदाच्या. आज या गोष्टीला सात आठवडे होत आले. हे मी अजून कोणाजवळ बोललेले नाही. लिहिते आहे, कारण बोलायला लागले की वाक्य पुरं व्हायच्या आत लोक पाणी आणायला धावतात.

आमचं गाव मारेगावपासून दोन कोसांवर. माझ्या भावाची, दादाची, शेती कापसाची. सोबत तूर आणि ज्वारी. मी त्याची धाकटी बहीण विमल, सध्या यवतमाळला मुलींच्या शाळेत शिकवते. कौसावैनी लग्न होऊन आली तेव्हा मी दहा वर्षांची असेन आणि ती सोळा-सतराची. पहिल्याच सकाळी आम्ही सगळे चुलीपाशी बसलो होतो आणि नवी नवरी शिंकली. एक, दोन, तीन… आम्ही थांबलो. चार, पाच. माझी माय तव्यावरची भाकर विसरली. आठव्या शिंकेला वैनीच्या डोक्यावरचा पदर खाली आला आणि ती इतकी लाजली की दादा हसू दाबत उठून गोठ्यात निघून गेला. पुढं रोजचंच झालं ते. वैनीच्या शिंका सुरू झाल्या की शेजारच्या बाया घागरी घेऊन विहिरीकडं निघत. दादा अंथरुणातूनच म्हणे, “चाला, मोटर चालू झाली.” तिला एक सवय होती. तळहात नाकाच्या शेंड्याखाली लावायचा आणि खालून वर जोरात घासायचा. घासून घासून नाकावर एक आडवी बारीक रेघ पडली होती. शेताच्या बांधाला आमच्याकडं धुरा म्हणतात; मी ती रेघ बोटानं दाखवून म्हणायची, “वैनी, तुह्या नाकावर धुरा आला व.” ती मला लाटणं दाखवायची आणि मग स्वतःच हसायची. हसता हसता पुन्हा शिंक.

तिला वास येत नसे. हे आम्हाला कळायलाच दोन वर्षं गेली. दूध करपायचं, ती शेजारी बसून भाजी निवडत असायची. माय ओरडायची, “काय व कौसे, झोपली काय?” मग एक दिवस तिनं मला हळूच विचारलं, “विमलबाई, दूध लागलं का पाहा ना. मले वास येत नाई.” मी चकित झाले. अगदीच येत नाही का, विचारलं तर म्हणाली, “लहान होती तवा येत होता.” तेव्हापासून तिच्या दुधाची राखण माझ्याकडं आली. झोपेतसुद्धा तिचं तोंड उघडं असायचं, ओठ कोरडे पडलेले. यातलं काही आजारपण आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. काहींचे केस कुरळे असतात, कौसाचं नाक वाहतं. एवढंच होतं आमचं ज्ञान.

त्रास व्हायचा तो शिंकेच्या शकुनाचा. आमच्याकडं कोणी कामाला निघालं आणि मागून शिंक आली की निघणारा परत येऊन बसतो, पाणी पितो, मग उठतो. दादा बाजाराला निघाला की वैनी शिंकणार. तो बसणार, पाणी पिणार, उठणार. ती पुन्हा शिंकणार. एकदा बिचारा चार तांबे पाणी पिऊन निघाला आणि वाटेत दोनदा गाडी थांबवावी लागली म्हणून वणीच्या बाजारात आमची गाडी सगळ्यांच्या मागं. सीतादहीच्या दिवशी तर कमालच झाली. कापूस वेचायला सुरुवात करायची त्या दिवशी शेतात पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. झरीकडच्या जंगलातल्या गावांतून वेचायला आलेल्या बाया ओळीनं उभ्या होत्या. वैनीनं दही शिंपडायला हात वर केला आणि तो तिथंच राहिला, सहा शिंकांपर्यंत. बाया खो खो हसल्या. माय नाही हसली. त्या दिवसापासून मायनं एक युक्ती काढली. काही शुभकार्य असलं, कोणी महत्त्वाच्या कामाला निघालं, की ती म्हणायची, “कौसे, जाय, कापसात जाऊन बस.” दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत आमच्या ओसरीला लागून असलेली ती खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली असे. कापसात आवाज मुरतो. आत कोणी ओरडलं तरी बाहेर कुजबुज वाटते. ज्याच्या घरात कधी कापूस भरून ठेवलेला नाही त्याला ही युक्ती सुचणारच नाही. आम्हाला सुचली. आणि हुशारी वाटली.

मग माझी पाळी आली. ज्या वर्षी राज्यं नव्यानं आखली गेली आणि आम्ही नागपूरचे होतो ते मुंबईचे झालो, त्या वर्षीचा हिवाळा. मला पाहायला पाहुणे आले. मुलगा शिकलेला, घर चांगलं. मी मनातून पार विरघळले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही. मायनं वैनीला कापसात पाठवलं होतं, पण चहा कमी पडला म्हणून तिला बाहेर यावं लागलं. मुलाच्या मामांनी सुपारी हातात घेतली होती. सुपारी फुटली की लग्न ठरलं. ते काहीतरी बोलण्यासाठी एक क्षण थांबले आणि माजघराच्या दारातून शिंक आली. मामांनी सुपारी परत पानावर ठेवली. आठ दिवसांनी निरोप आला की मुलाकडच्यांचा विचार नाही. माझी जीभ लहानपणापासून तिखट. त्या दिवशी तिला धरबंद राहिला नाही. मी वैनीला म्हणाले, “तुह्या नाकानं माह्यं लगन मोडलं. आता कोणाचं मोडायचं राह्यलं तं सांग.” ती पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही. सहा वर्षांची मंदा कोपऱ्यात चिंचोके खेळत बसली होती, तिनं मात्र माझ्याकडं पाहिलं.

त्यानंतर वैनीला कोणी सांगायची गरज पडली नाही. पाहुणा दिसला की ती आपल्या पायानं कापसाच्या खोलीत जाई. पण त्या दाराला कडी बाहेरून. कोठाराला आतून कडी कशाला लागते? कापसाच्या दाबानं दार आपोआप उघडायचं आणि आत बसलेली ती पाहुण्यांना दिसायची. मीच म्हणाले, सुताराला बोलावून आतून एक कडी लावून घ्या. सुतार आला. सागाचं दार, चांगली जाड लोखंडी कडी, चार स्क्रू. मी उभी राहून लावून घेतली, आतून लावून पाहिली, काढून पाहिली. पक्कं काम झालं होतं. आणि महिन्याभरानं मी मास्तरणीच्या ट्रेनिंगला यवतमाळला निघून गेले.

तीन वर्षांनी दिवाळीच्या सुटीत घरी आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळच्या शिंका कमी झाल्या आहेत. मला बरं वाटलं. मी तसं म्हटलंही. माय म्हणाली, “नाकातली सर्दी आता छातीत उतरली तिच्या.” दुसऱ्या दिवशी मी वैनीजवळ बसून कपडे घडी करत होते, तर मला बारीक आवाज ऐकू आला. मी इकडंतिकडं पाहिलं. “वैनी, मांजरीनं पिल्लं घातली का कुठं?” ती ओशाळून हसली आणि तिनं छातीवर हात ठेवला. “इथं घातली.” श्वास सोडताना तिच्या छातीतून शिट्टी वाजत होती. मग उपाय सुरू झाले. ओव्याची गरम पुरचुंडी, अडुळशाचा रस, धोतऱ्याच्या वाळल्या पानांची विडी. कोजागिरीला चंद्राखाली ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध देणाऱ्या एका वैद्याकडं दादा तिला दोन वर्षं घेऊन गेला. माझा भाऊ वाईट माणूस नाही. त्यानं जे त्याला ठाऊक होतं ते सगळं केलं. तिला धाप लागली की तो पाठीमागं बसून तिला आपल्या छातीशी टेकवून धरायचा आणि स्वतःच श्वास ओढल्यासारखा ओढायचा. दोघांचे खांदे एकदमच वर जायचे.

शेवटी मीच तिला यवतमाळच्या डॉक्टरांकडं नेलं. वयस्कर माणूस, फार बोलणारा नाही. त्यांनी छाती तपासायच्या आधी नाक पाहिलं. मला राग आला. म्हटलं, डॉक्टरसाहेब, हिचं दुखणं छातीत आहे. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. वैनीला विचारलं, “शिंका किती वर्षांपासून?” ती म्हणाली, “लहानपणापासून. पण ते काही नाई साहेब, ते तं नुसतं नाक.” तेव्हा ते टॉर्च बाजूला ठेवून म्हणाले, “नुसतं नाक नसतं बाई. नाक म्हणजे घराची ओसरी आणि छाती म्हणजे माजघर. वाट एकच. जे तुमच्या नाकाला सोसत नाही, ते छातीलाही सोसत नाही. ओसरीत वर्षानुवर्षं कोणी धिंगाणा घालतंय आणि तुम्ही दार लावून बसलात, तर एक दिवस तो आत येणार.” मग त्यांनी विचारलं की धुळीत, कचऱ्यात काम असतं का, घरात काय काय साठवता. वैनीनं कापसाचं सांगितलं. किती, तर हात वर करून तिनं आढं दाखवलं. “आणि तुम्ही त्या खोलीत जाता?” वैनीनं माझ्याकडं पाहिलं. मी नजर टेबलावरच्या टॉर्चकडं वळवली. मग ती म्हणाली, “कामापुरती.” आमच्याकडं काम म्हणजे शुभकार्य, आणि ते निघालं की तिनं कापसात जाऊन बसायचं, हे त्या डॉक्टरांना कसं कळणार. मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी चिठ्ठीवर औषधं लिहिली, आणि खाली मराठीत, ठळक: कापसाच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. ती चिठ्ठी घरातल्या मोठ्यांत वाचता येणारी मी एकटी.

त्यानंतरचं दीड वर्ष वैनी मंदाला घेऊन माझ्याकडं यवतमाळला राहिली. तेवढंच एक बरं झालं आमच्या हातून. गोळ्या लागू पडल्या, धूळ नाही, कापूस नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांतच छातीतली पिल्लं गेली. नाकही मोकळं व्हायला लागलं. एक दिवस मी शाळेतून आले तर ती चुलीपाशी उभी, चेहरा गोंधळलेला. “विमलबाई, हे काय व वास येऊन राह्यला? बेस वास आहे.” मी हुंगलं. “वरण आहे ते वैनी. तूच शिजवून राह्यली.” तिनं भांड्यावर तोंड नेलं आणि वाफेत तशीच उभी राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, “इतके वर्स मी तुमाले बिनावासाचंच वाढत होती.” आम्ही दोघी हसलो. मंदाला काही कळलं नाही, तीही हसली. पण एक गोष्ट गेली नाही. मी सकाळी शाळेत निघाले की वैनी न्हाणीघरात जाऊन दार लावून घ्यायची. शिंक आली तर मला बसावं लागू नये म्हणून. मी बाहेरून थट्टा करायची, “ये बाहेर, मी काही नवरी नाही पाहायला चालली.” हीच माझी थट्टा. दुसरी कुठली सुचत नसे मला.

आणि त्याच वर्षी मला ते कळलं. एका लग्नात त्या मुलाच्या गावची बाई भेटली. बोलता बोलता म्हणाली, “तुमच्याकडं आलते ते लोक, पण त्याइचं आधीच दुसरीकडं ठरलं होतं ना. मामाच्या भिडेखातर आलते.” आणि मग जरा थांबून, “तसं पोट्टी तोंडाची तिखट आहे, असंही आयकलं होतं म्हणे त्याइनं.” म्हणजे शिंक आली नसती तरी सुपारी पानावरच परत जायची होती. वैनीच्या नाकाचा काडीचा संबंध नव्हता. मी घरी आले. वैनी भाकरी करत होती. “काय म्हणत होत्या लग्नातल्या बाया?” तिनं विचारलं. मी म्हणाले, “काही नाही. जेवण अळणी होतं.” सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे मी गेले सात आठवडे स्वतःला विचारते आहे, आणि खरं उत्तर लाजिरवाणं आहे. एका शिंकेनं माझं लग्न मोडलं, असं सांगायला बरं वाटत होतं. लोक हळहळायचे. मला कोणी नापसंत केलं, माझ्या जिभेपायी केलं, हे सांगायला बरं वाटत नव्हतं. माझा खोटा मान राहावा म्हणून मी ते ओझं तिच्या डोक्यावर तसंच राहू दिलं. सांगेन कधीतरी, असं म्हणत राहिले…

मग माय आजारी पडली आणि वैनीला गावी परतावं लागलं. चिठ्ठीचं मी सगळ्यांना खडसावून सांगितलं. दादानं तिचं अंथरूण घराच्या पार दुसऱ्या टोकाला हलवलं, वेचणीला जाणं बंद केलं. मायनं मरण्याआधी स्वतः तिला म्हटलं, “आता नको जात जाऊ व कापसात, माह्यं चुकलं.” मायला जे जमलं ते मला जमलं नाही. हिवाळ्यात वैनीला एखादा झटका यायचा, मारेगावचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन जायचे. पण ती उभी होती, चालत होती, आणि मंदा मोठी होत होती. नाकडोळे आईचे. माझ्यासारखं शिकायचं म्हणत होती, पण सतराव्या वर्षी तिला चांगलं स्थळ आलं आणि तिचंही मन बसलं.

या माघात पाहुणे यायचे होते. मी आदल्या दिवशी गावी पोहोचले. घर पांढऱ्या मातीनं पोतारलं होतं, झाडझूड झाली होती, आणि त्या धुळीनं वैनीचं नाक सकाळपासून वाहत होतं. श्वासही जरा तोकडा वाटत होता. मी गोळी दिली. दुपारी दमणीच्या बैलांची घुंगरं रस्त्यावर वाजली तशी ती माझ्याजवळ आली. नवं लुगडं, नाक लाल. “विमलबाई, मी आत जाऊन बसते. सुपारी फुटली की आवाज द्या.” मी म्हटलं, “वैनी, तिथं नको. चिठ्ठी विसरली का?” “घडीभर तं आहे. मागच्या खोलीतून आयकू येते, कापसातून नाई येत.” मी पुन्हा नको म्हटलं. मी म्हटलं होतं, हे लिहून ठेवते, पण त्याचा मला आधार वाटत नाही. कारण मग ती म्हणाली, “तुमच्या वेळेस झालं ते पोरीच्या वेळेस नोको.” आणि तळहातानं नाक खालून वर घासलं. तीच वेळ होती. दमणी दारात थांबली होती, दादा पुढं झाला होता, पण एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? माझ्या ओठावर आलं होतं. मी म्हणाले, “बरं, लवकर उरकते मी.” ती आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज झाला. मला तो आवाज ओळखीचा होता. मीच लावून पाहिली होती ना.

पाहुणे चांगले होते. मुलाची आई मोकळ्या स्वभावाची, मंदाला जवळ बसवून घेऊन बोलत होती. मी चहा दिला, बशी हातात घेतली, बैलजोडीचं बोलणं निघालं, आणि भिंतीमागून तीन शिंका आल्या. मी मोजल्या, ते वर लिहिलंच आहे. तिच्या शिंका तीनवर कधी थांबल्या नव्हत्या. अठरा-एकोणीस वर्षांत एकदाही नाही. हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी मी बशीतला चहा प्यायले. वैनी कुठं आहे असं मुलाच्या आईनं विचारलं तर म्हटलं, जरा बरं नाही, पडली आहे. आणखी बराच वेळ बोलणी चालली. सुपारी फुटली. दादानं डोळे पुसले. मी उठून दाराशी गेले आणि हलक्या आवाजात म्हटलं, “वैनी, फुटली सुपारी. ये बाहेर.” मग जरा मोठ्यानं. मग दार वाजवलं. मग दादा आला, पाहुणे उठले, सगळ्यांनी मिळून बाहेरची कडी धरून दार ओढलं. सागाचं दार आणि सुताराचं पक्कं काम. स्क्रू सुटायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. ती कापसाला टेकून बसलेली होती. पदराचा बोळा तोंडाशी, दोन्ही मुठींत धरलेला. दादानं तिला पाठीमागून आपल्या छातीशी घेतलं आणि नेहमीसारखा श्वास ओढला. त्याचेच खांदे वर गेले. मारेगावचे डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेराव्याला मुलाची आई आली होती. सोयरीक त्यांनी मोडलेली नाही. वर्ष उलटल्यावर लग्न करू म्हणतात. तिला शिंकेचं कोणीतरी सांगितलं असावं. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, “अवो, शिंकेचं कायले मनावर घेतलं त्याइनं? माह्यी मोठी सून दिवसभर शिंकते. आमच्या घरी कोणी पाह्यत बी नाई.” तिनं समजूत घालायलाच म्हटलं होतं. मी उठून मागच्या अंगणात गेले आणि भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी होती ती.

मागच्या रविवारी मी पुन्हा गावी गेले होते. कापूस विकला गेला आहे. खोली रिकामी, कोपऱ्यांत थोडी सरकी, दार सताड उघडं. परत निघताना मी पिशवी उचलली आणि मागून मंदा शिंकली. एकच. आणि लगेच तोंडावर ओढणी दाबून, माझ्याकडं न पाहता, ती त्या उघड्या दाराकडं वळली. तिला तसं करायला कोणी शिकवलं नव्हतं. लहानपणापासून पाहिलं होतं, बस्स. मी पिशवी खाली टाकली आणि तिचा हात धरला. उजेडात तिचं तोंड वर केलं तर नाकावर आडवी बारीक रेघ. इतके दिवस माझं लक्ष कसं गेलं नाही, देव जाणे. मी म्हटलं, “इथं बस. ओट्यावर, माह्याजवळ. येऊन राह्यल्या का अजून?” तिनं मान हलवली. “मंग येऊ दे सगळ्या. दाबू नको.” ती शिंकत राहिली, मी मोजत राहिले. सात झाल्या. रस्त्यावरून लोक पाहत गेले. माझी एस्टी निघून गेली. मग मी तिला ते सांगितलं, जे सांगायला एक वाक्य लागतं: माझं लग्न तुझ्या आईच्या शिंकेनं मोडलं नव्हतं, आणि हे मला चार वर्षांपासून माहीत होतं.

मंदानं ओढणीनं नाक पुसलं. मग तिनं विचारलं, “आईले सांगतलं होतं का, आत्या?”

मी नाही म्हणाले. ती उठून आत गेली. थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला. तिनं मला माफ केलं की नुसती रीत पाळली, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला यवतमाळला घेऊन आले. डॉक्टर आता फार थकलेत, पण त्यांनी तिचंही आधी नाकच पाहिलं आणि मग छाती. छाती अजून मोकळी आहे म्हणाले. लवकर आणलंत म्हणाले. मला त्यांच्याकडं वर पाहवलं नाही.

ती कडी मी दादाजवळून मागून आणली आहे. दादा म्हणाला, कायले नेऊन राह्यली, मी ती पिशवीत टाकली. वाकलेली आहे, एक स्क्रू अजून तिच्यात अडकलेला. माझ्या टेबलावर मुलींच्या वह्यांवर ठेवली आहे, वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून. मंदाला मी माझ्याकडंच ठेवून घेतलं आहे, शाळेत नाव घातलं आहे. तिची शाळा माझ्या आधी भरते, त्यामुळं सकाळी मी निघते तेव्हा घरात कोणी नसतं. मी कुलूप हातात घेते, उंबऱ्यावर येते, आणि मला आतून ऐकू येतात. एक, दोन, तीन. मी परत येऊन बसते. पाणी पिते. आणि घंटा व्हायची वेळ होईपर्यंत चौथीची वाट पाहते.